दीड मणाचा भीमाप्पा

भीमाप्पा हुक्केरीनं आयुष्यातली चौदा वर्षं मोटारीखाली काढली. मोटारीत नव्हे, खाली. सरदारांच्या मोटारखान्यात सात गाड्या होत्या आणि त्या सातांच्या पोटातलं आतडं न् आतडं त्याला पाठ होतं. पण त्यातल्या एकीच्या गादीला त्याचं अंग लागलं असेल तर शपथ. दंडकच तसा होता. मिस्त्रीनं दुरुस्त करायचं, ड्रायव्हरनं चालवायचं, आणि दुरुस्त झाली की नाही ते कारकुनानं ठरवायचं. गाडी सुरू होऊन फाटकाबाहेर पडली, की भीमाप्पा तेलाच्या डागाशेजारी तसाच उताणा पडून कान लावायचा आणि सांगायचा, "आता बिंदू चौकात असंल. हां, टाकला बगा तिसरा गेर. लवकर टाकला, गाढवानं." पेठेत त्याचं नावच पडलं होतं, खालचा भीमाप्पा.

माणूस मात्र खाली मावण्यातला नव्हता. तालमीतलं अंग, तीन मण वजन, म्हणजे एकशेवीस शेर. मोटारखान्यातला जॅक मोडला तेव्हा नवा येईपर्यंत दोन महिने तो गाडीखाली शिरून नुसता श्वास भरून घ्यायचा आणि चाकं चार बोटं वर उचलली जायची, असं शपथेवर सांगणारे लोक अजून आहेत, आणि ते सगळेच काही पिऊन सांगत नाहीत.

पुढं संस्थान गेलं, सरदारांनी सहा गाड्या विकल्या. सातवी कुणी फुकट नेईना. ती मोटारखान्याचे कारकून नृसिंहराव यांनी ठेवून घेतली. नृसिंहरावांना सगळी पेठ अण्णा म्हणे. काडीसारखा माणूस, डोक्यावर काळी टोपी, काखेत सदा कुठला तरी कागद. गाडी चालवायला येत नव्हती, पण गाडीचे कागद त्यांच्याइतके कुणी चालवले नसतील. भीमाप्पानं उद्यमनगरात पत्र्याची शेड घातली, तिच्या दारात अण्णांनी ती सातवी आणून उभी केली. तिच्यात कोंबडी अंडी घालत होती.

बावन्न सालच्या उन्हाळ्यात बातमी आली. दसऱ्यानंतरच्या रविवारी माळावरच्या विमानाच्या पट्टीवर मोटारींची शर्यत. उभ्या जागेवरनं सुटायचं, नाकासमोर दोन फर्लांग जायचं, रेघ आधी ओलांडील तो जिंकला. वळण नाही, घाट नाही, डोकं लागत नाही. भरवणारी मंडळी सगळी घोड्यांच्या शर्यतीतली. घोडे विकून झाले, तबेल्यात कोंबड्या फिरू लागल्या, तरी शर्यतीची खाज जाईना. म्हणून आता मोटारी. जिंकणाऱ्याला चांदीची गदा आणि फेटा, कारण कोल्हापुरात गदेशिवाय जिंकल्यासारखं वाटत नाही.

"गाडी माझी, हात तुझे," अण्णा म्हणाले. "नाव मी दाखल करतो. बोल."

"माझी एकच अट हाय," भीमाप्पा म्हणाला. "चालवणार मी."

अण्णांनी त्याच्याकडं पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत पाहिलं. त्याला जास्त वेळ लागला. "बघू," ते म्हणाले.

ते 'बघू' भीमाप्पानं 'व्हय' म्हणून ऐकलं. चौदा वर्षं ज्याला कुणी बघूसुद्धा म्हटलं नव्हतं, तो दुसरं काय ऐकणार?

लढाईतल्या एका लष्करी लॉरीचं इंजिन लिलावात पडलं होतं. ते आणून सातवीच्या पोटात बसवलं. दांडगं इंजिन. पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा शेजारच्या शेडवरचे दोन पत्रे सरकले. पण गाडी होती छत्तीस मणांची. गूळ पेठेतल्या मोठ्या काट्यावर ती तोलली तेव्हा अडत्ये गुळाचे ढेपेएवढे रवे सोडून बघायला आले. छत्तीस मण ओढून दोन फर्लांगात जिंकायचं म्हणजे लग्नाच्या वऱ्हाडासकट कुस्ती खेळायची. भीमाप्पानं पाना उचलला.

पहिल्या दिवशी दारं गेली, मडगार्डं गेली, टप गेला, मागची बैठक गेली. दुसऱ्या दिवशी काचा आणि दिवे. हॉर्न काढताना अण्णा म्हणाले, "हॉर्न तरी असू दे." "माझा गळा हाय की," भीमाप्पा म्हणाला. पेट्रोलची टाकी काढून तिथं दुधाची दोनशेरी चरवी तारेनं बांधली. दोन फर्लांगांना दोन शेर रग्गड झालं. पुढचे ब्रेक काढले तेव्हा अण्णांचा चेहरा पडला. "अरे, आणि थांबायचं कसं?" "जिंकल्यावर थांबतंय कोन, अण्णा?" रंगसुद्धा खरवडून काढला. तो तीन शेर भरला.

मग इंजिनावरची बिडाची झाकणं काढून ॲल्युमिनियमची ओतायची ठरली. ॲल्युमिनियम आणायचं कुठनं? भीमाप्पाची बायको शांतादेवी बाजारातनं घरी आली तर फडताळ बोडकं.

"अवं, परात कुठं गेली?"

"गाडीत."

"आन् डबं?"

"त्येबी गाडीतच."

"मग मीबी जाऊन बसू का गाडीत?"

"तू नगं गं. वजन हुईल."

शांतादेवी हसली नाही. तिनं दगडी काठवटीत भाकरीचं पीठ मळायला घेतलं.

शेवटी राहिली चासी, म्हणजे गाडीचा लोखंडी पाठकणा. ती काढता येत नाही, पण पोखरता येते. भीमाप्पानं हातबरमा घेतला आणि भोकं पाडायला बसला. रोज संध्याकाळी निघालेला लोखंडी कीस तराजूत घालून बघायचा आणि न्हाणीघरात गाणं म्हणणाऱ्या माणसासारखा गुणगुणायचा. तीनशे अकरा भोकं. पेठेतल्या बाया म्हणू लागल्या, मिस्त्रीची गाडी आडवी केली तर श्रावणात शेवया पाडता येतील. वारा सुटला की ती उभ्या उभ्या बासरीसारखी वाजायची.

ज्येष्ठ सरता सरता गाडी पुन्हा काट्यावर चढली. चौदा मण. अडत्ये टाळ्या वाजवू लागले. भीमाप्पा घाम पुसत म्हणाला, "आता काडायला कायबी उरलं न्हाय."

"एक वस्तू उरलीय," अण्णा म्हणाले.

"कंची?"

"तू."

अण्णांच्या मागं त्यांचा भाचा उभा होता, माधव. वकिलीचा अभ्यास करणारा, सव्वीस वर्षांचा, इस्त्रीच्या शर्टात हँगरवर टांगल्यासारखा दिसणारा. अण्णांनी त्याला काट्यावर उभं केलं. दीड मण. मग भीमाप्पाला उभं केलं. तीन मण. लोक हसले. भीमाप्पाही हसला, आणि मग सगळे थांबले तरी आपणच हसतोय हे ध्यानात आल्यावर थांबला.

"अण्णा, ठरलंय की आपलं."

"मी बघू म्हणालो होतो. हे बघ, मी काही अन्याय करणारा माणूस नाही. दसऱ्यापर्यंत माधवइतका हो. दीड मण. झालास तर गाडी तू चालव, मी चकार शब्द काढणार नाही. नाही झालास तर माधव बसेल. चार माणसांदेखत सांगतो."

म्हशीला झाडावर चढ म्हणून सांगणारा माणूस हसेल तसं अण्णा हसले.

"दीड मण," भीमाप्पा म्हणाला. "हुतो."

हे बोलणं सोपं होतं. पुण्यामुंबईला माणूस बारीक झाला तर त्याचं कौतुक होतं म्हणे. कोल्हापुरात आधी क्षयाची चौकशी करतात, मग दुसऱ्या बाईची. शिवाय भीमाप्पाचं अंग त्याचं एकट्याचं नव्हतं. संध्याकाळी दुधाच्या कट्ट्यावर म्हशी उभ्या राहत, लोक धारेखाली पेला धरत, आणि ज्ञानू गवळी पहिली चरवी खालच्या भीमाप्पाला देई. वीस वर्षांचा रिवाज. त्या दिवशी भीमाप्पा कट्ट्यावरनं सरळ पुढं निघून गेला.

"का ओ पैलवान?" ज्ञानू ओरडला. "माझ्या म्हशीनं काय वंगाळ केलं?"

"म्हशीचं न्हाय. गाडीचं हाय."

"गाडीला दूध लागतंय व्हय?"

"न्हाय रं. मला लागू नये असं गाडीला लागतंय."

ज्ञानूला तो अपमान वाटला, आणि त्याहून जास्त म्हशीला. तिनं तीन दिवस पान्हा चोरला असं ज्ञानू सांगे.

सकाळी अर्धी भाकरी, दुपारी ताक, रात्री आंबिल. मग अर्ध्याची पाव भाकरी. पहाटे रंकाळ्याला तीन फेऱ्या. पहिल्या आठवड्यात तळ्याकाठची कुत्री नवा माणूस म्हणून भुंकली, मग सवयीनं गप्प झाली. श्रावण संपेतो त्यांना तो ओळखू येईना आणि ती पुन्हा भुंकू लागली. दर सोमवारी गूळ पेठेत काटा. दोन मण पस्तीस शेर. दोन मण बावीस. दोन मण सात. अडत्ये आता टाळ्या वाजवत नव्हते. आकडा बघायचे आणि दुसरीकडं बघायचे.

बोटातली अंगठी आपोआप गळून पडली. गळ्यातल्या लिंगाचा दोरा रुंद छातीच्या मापाचा होता. तो आता बेंबीपर्यंत लोंबू लागला. शांतादेवी दर पंधरा दिवसांनी त्याला एक गाठ मारायची. तिला नवऱ्यासमोर घास घेववत नव्हता. तो नसताना खावं तर एकटीला गोड लागत नव्हतं. तिच्याही बांगड्या कोपरापर्यंत वर जाऊ लागल्या. तिला कुणी काट्यावर उभं केलं नाही.

"एवढं कशापायी?" एकदा तिनं विचारलं. "त्यो माधव चालवंल. गाडी तुमीच केलायसा, समद्यांस्नी ठावं हाय."

"ठावं हाय, पर कुठं?" भीमाप्पा म्हणाला. "खाली. चौदा वरसं मी गाडी जाताना बगितली, शांता. जमिनीवरनं चाक कसलं दिसतंय सांगू? चाक येकदाबी तुझ्याकडं येत न्हाय. दर टायमाला लांबच जातंय. येक डाव मला वरनं बगायचंय."

नागपंचमीला अण्णांच्या घरनं पुरणाची दिंडं आली. गौरीला बासुंदी आली. गणपतीत एकवीस मोदक, वर तुपाची वाटी. "घरच्यांनी तुझ्यासाठी आठवणीनं दिलेत," अण्णा म्हणायचे आणि तो खातो का ते बघत जरा वेळ बसायचे. भीमाप्पाचे डोळे भरून यायचे. कारकून असून माया किती! तो सगळं डोक्याला लावायचा आणि कट्ट्यावर नेऊन ज्ञानूच्या म्हशीला घालायचा. त्या साली त्या म्हशीच्या दुधाला वेलदोड्याचा वास येत होता.

तो दोन मणाच्या खाली उतरला तसं अण्णांचं येणं कमी झालं. मग बंदच झालं.

खंडेनवमीच्या आधी चार दिवस काटा दीड मणावर टेकला. भीमाप्पा खाली उतरला, आणि त्याला चक्कर आली म्हणून गुळाच्या रव्यावर बसला, आणि गुळाच्या वासानं त्याला रडू आलं. पण शेडवर परत आल्यावर त्याला वेगळंच सुचलं. आता बसणारा माणूस दीड मणाचा. मग तीन मणांच्या माणसासाठी केलेली बैठक कशाला? त्यानं सीटखालच्या दोन लोखंडी पट्ट्यांतली एक काढून टाकली. उरलेलीला भोकं पाडली. आजूबाजूच्या चासीला आणखी चाळीस. प्रत्येक भोकाआधी बोटानं ठोकून, कान लावून, लोखंडाला विचारून. शेवटी ती बैठक अशी झाली, की दीड मणाला हूं म्हणेल आणि पावणेदोनाला मान टाकेल. शिंप्यानं अंगाबरोबर सदरा शिवावा, तशी त्यानं ती गाडी आपल्या नव्या अंगाबरोबर बेतली. गाडी साडेतेरा मणांवर आली. खंडेनवमीला हत्यारांबरोबर तिला हळदकुंकू लावलं, तेव्हा नारळ फोडायचा राहिला. भीमाप्पाला तो एका हातानं फुटेना.

रविवारी माळावर जत्रा. हलगी, फुगे, शेंगा. चार गाड्या होत्या: पुण्याची, सांगलीची, बेळगावची आणि भोकांची. भोकांच्या गाडीभोवती सगळ्यांत जास्त गर्दी. भीमाप्पाला मात्र कुणी ओळखेना. "मिस्त्री आला न्हाई का?" असं दोघांनी त्यालाच विचारलं.

शेवटच्या रेघेपलीकडं मांडवात बाळासो बसले होते. घोड्यांच्या शर्यतीत तीस वर्षं स्वार तोललेला माणूस. समोर घोड्यांच्या वेळचाच जुना काटा, एका बाजूला खुर्ची, दुसऱ्या बाजूला मापं. त्यांनी एकेका ड्रायव्हरला खुर्चीत बसवलं. पुण्याचा दोन मण. बेळगावचा एक मण पस्तीस शेर. सांगलीचे हळदीचे व्यापारी बसले तेव्हा खुर्ची ओरडली: तीन मण. शेवटी भीमाप्पा: दीड. भीमाप्पानं अभिमानानं अण्णांकडं बघितलं. अण्णा आभाळाकडं बघत होते.

"सांगलीकर जड," बाळासोंनी वहीत लिहिलं. "आता बाकीच्यांची बरोबरी. वाळू आना रं."

दोन पोती भीमाप्पाच्या पायाशी पडली. तीस तीस शेरांची.

"ही कशाला?" भीमाप्पानं विचारलं.

"पावणं, पयल्यांदाच आलाईसा वाटतं. शर्यत म्हटल्यावर स्वारांची वजनं सारखी नगंत? जो जड, त्याच्याबरोबर समद्यांस्नी करायचं. तुमाला दीड मण वाळू."

"कुस्तीत करत्यात व्हय असलं? हलक्या पैलवानाच्या कमरंला धोंडा बांधत्यात?"

"कुस्ती न्हवं ही. घोड्याला जी रीत, तीच मोटारीला."

"मला कुनी सांगिटलं न्हाय."

"कसं न्हाय? जेष्ठात कागद दिलाय की तुमच्या अण्णांच्या हातात. तिसरं कलम. मराठीतनंबी हाय."

हलगी वाजतच होती. भीमाप्पानं खाली वाकून एका पोत्यावर हात ठेवला. घट्ट भरलेलं होतं. आषाढ, श्रावण, भादवा, आश्विन. चार महिने दोरीनं तोंड बांधून तिथं पडले होते.

"अण्णा?"

अण्णांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "मला वाटलं, आठ दिवसांत सोडशील."

"आन् न्हाय सोडलं तवा? दोन मणावर आलो तवा का सांगिटलं न्हाईसा?"

"तेव्हा सांगायला तोंड राहिलं नव्हतं."

"मोदक खायाला घाटलंसा की मला, त्या तोंडानं."

"मामा," माधव पांढराफटक पडून म्हणाला, "तुम्ही मलाही सांगितलं नाहीत."

अण्णांना रागवायला भाचा मिळाला तसा त्यांचा आवाज परत आला. "तू गप्प बस. आणि भीमाप्पा, झालं ते झालं. आता अकलेनं बघ. तू बसलास तरी तीन मण, हा बसला तरी तीन मण. मग ज्याच्या हातात बळ आहे त्यानं चालवावी. हात बघ तुझे. गिअरचा दांडा तरी ओढवेल का? गाडी जिंकू दे. नाव पेठेचंच होईल. माधव, बस."

माधव जागचा हलला नाही. अण्णांनी त्याला दंडाला धरून गाडीकडं ढकललं. दोघा गड्यांनी पोती उचलली. आणि भीमाप्पाला ती बैठक दिसली. वरनं नव्हे, चौदा वर्षांच्या सवयीनं खालनं दिसली. एक पट्टी, तीत नऊ भोकं. तीन मण. पहिल्या फर्लांगात जाईल. अण्णांना हे माहीत नाही. माधवला नाही. साऱ्या माळावर त्याच्याशिवाय कुणालाच नाही.

नुसतं गप्प बसायचं होतं. त्यासाठी ताकद लागत नाही.

आणि खोटं कशाला सांगा, भीमाप्पा गप्प बसला. माधवचा एक पाय आत जाईपर्यंत बसला. मग त्यानं पुढं होऊन त्याच्या इस्त्रीच्या कॉलरला धरून त्याला मागं ओढलं. बळ नव्हतं, म्हणून दोघंही पडले.

"मोडंल ती," भीमाप्पा धापा टाकत म्हणाला. "दीड मणाच्या मापानं केलीया. तीन मण घेऊन जो बसंल त्याच्याखाली मोडंल."

अण्णांचा चेहरा भोकं पाडल्यासारखा झाला. "म्हणजे शर्यत सोडायची?"

"मी बसतो."

"मोडणार म्हणतोस ना?"

"व्हय. म्हनून तर आता तुमी मला न्हाय म्हनणार न्हाईसा."

अण्णा खरंच नाही म्हणाले नाहीत.

भीमाप्पानं डोक्याचा पटका सोडून सीटखालनं दोन वेढे घातले, तेवढाच आधार. एक पोतं मांडीवर घेतलं, एक पाठीशी बांधलं. पोटापाठीला पोती आल्यावर तो लांबनं पुन्हा जुना भीमाप्पा दिसू लागला, आणि गर्दीतनं ज्ञानू गवळ्याचा आवाज आला, "त्यो बगा! आला की आपला पैलवान!" बायकांच्या घोळक्यात शांतादेवी उभी होती. तिनं पदर तोंडात धरला.

गड्यांनी गाडी ढकलत सुटायच्या जागी नेली. स्टीअरिंगखालचा हातानं चालणारा ॲक्सिलरेटर त्यानं ओढून अडकवून ठेवला. पायात दाबून धरायचा जोर नव्हता. निशाण पडलं.

त्या सुटण्याविषयी माळावर जितके लोक होते तितक्या गोष्टी आहेत. कुणी म्हणतात, तीनशे साठ भोकांतनं वारा शिरला आणि गाडी अशी किंचाळली, की उजळाईवाडीच्या म्हशी दावी तोडून पळाल्या. पण पहिल्या अर्ध्या फर्लांगात पुण्याची मागं पडली, बेळगावची मागं पडली, हे सगळेच सांगतात. भीमाप्पाला आवाज ऐकूच आला नाही. तो बघत होता. जमीन त्याच्याकडं येत होती. सबंध माळ, कडेची माणसं, पुढची पांढरी रेघ, सगळं त्याच्याकडं येत होतं, काहीच लांब जात नव्हतं. त्यानं तिसरा गिअर टाकला. बरोबर जागी टाकला. अजून एक फर्लांग.

तेवढ्यात सीटखालची पट्टी तुटली. पटक्यानं एक पळभर धरलं आणि मग तोही फाटला. बैठक, भीमाप्पा आणि दोन पोती अख्खी खालनं निसटली आणि धावपट्टीवरनं घासत, उडत, पन्नास हात जाऊन थांबली. मागची चाकं त्याच्या दोन्ही कानांजवळनं गेली. आणि तीन मण उतरलेली ती गाडी चाबूक बसल्यासारखी उधळली. रिकामी, सरळ, नाकासमोर, सांगलीकरांच्या पुढं चार गाड्या अंतर ठेवून तिनं रेघ ओलांडली, आणि पलीकडच्या भुईमुगात चरवीतलं पेट्रोल संपेपर्यंत धावत राहिली.

सारी पेठ नाचत भुईमुगात शिरली. आठ जणांनी गाडी खांद्यावर घेतली. तेवढीच होती ती.

मांडवात अण्णा टेबलावर हात आपटत होते. "आमची गाडी पहिली! डोळ्यांदेखत!"

"गाडी पयली," बाळासो म्हणाले. "पर रिकामा घोडा धरत न्हाईत. स्वार वजनासकट रेघंच्या अल्याड येऊन काट्यावर बसला पायजे. मग नाव. रीतच हाय."

माधव धावत भीमाप्पाजवळ गेला. मांडीची कातडी सोलून निघाली होती, पण हाडं शाबूत होती. त्यानं बाळासोंचं बोलणं सांगितलं.

"चालत आलो तर चालतंय?"

"स्वार वजनासकट, इतकंच म्हणाले."

भीमाप्पा उठला. एक पोतं खांद्यावर घेतलं, दुसरं कवेत. तीन मणांचा भीमाप्पा ही दोन्ही काखोटीला मारून शेंगा खात आला असता. दीड मणाचा भीमाप्पा दहा पावलं चालायचा आणि थांबायचा. शांतादेवी पळत आली आणि एका पोत्याला हात घालू लागली.

"नगं," तो म्हणाला. "दुसऱ्याचा हात लागला तर बाद धरतील."

ती शेजारनं चालत राहिली, हात मागं घेऊन. एक फर्लांग. हलगी गावाकडं निघाली होती. लोकांना वाटलं असेल, कोण गडी वाळू वाहतोय. रेघेवर तो गुडघ्यावर आला, तशीच ती ओलांडली, उठला, आणि मांडवात येऊन खुर्चीत बसला. पोती मांडीवर.

बाळासोंनी तीन मणांची मापं चढवली. काटा हलला नाही. त्यांनी एक माप काढलं. मग आणखी एक. मग लहान मापांशी बराच वेळ खुडबूड केली.

"अकरा शेर कमी," ते म्हणाले.

भीमाप्पानं मागं वळून बघितलं. पाठीशी बांधलेलं पोतं पडताना खाली फाटलं होतं. धावपट्टीवरनं मांडवापर्यंत वाळूची एक बारीक धार आली होती.

"अवं बाळासो," शांतादेवी म्हणाली, "त्येंच्या अंगातलं मोजा की. चार महिन्यांचं मोजा."

"बाई, मी काट्यावरचं मोजतो." त्यांनी दौतीत टाक बुडवला, लिहिलं, वही फुंकून वाळवली. तोवर अण्णा निघून गेले होते. मिरवणुकीत गाडीपुढं कुणीतरी चालायला हवं होतं.

"काय लिवलंसा?" भीमाप्पानं विचारलं.

"गाडी आली. मानूस आला न्हाय."

भीमाप्पानं मान हलवली. तो खुर्चीतनं उठला नाही. गड्यांनी मांडवाचे खांब उपटायला घेतले. बाळासोंनी वही काखेत मारली.

"उठा पावणं. मला काटा गुंडाळायचाय."

"जरा बसू द्या," भीमाप्पा म्हणाला. "बसलोय तवर त्यो कायतरी दावतोय."